बाकाखालची चिपाडं

रक्त द्यायला बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. दंडाला रबरी पट्टा आवळलेला, समोर सुई, अशा वेळी कोण कशाला खोटं बोलेल? नाव विचारलं की तो नाव सांगतो, वय विचारलं की अंदाजाने वय सांगतो, गाव विचारलं की गाव सांगतो. सगळं खरं असतं. पण आपण विचारलं तेवढंच तो सांगतो, हे कळायला मला एक दुष्काळ लागला.

बीडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब. आता ती पुतणी चालवते आणि मी दुपारी चहापुरता जाऊन बसतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, साधा तंत्रज्ञ आहे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ‘अब्बा पंक्चर काढायचे, रशीद माणसांना पंक्चर करतो,’ हे वाक्य माझा मोठा भाऊ दर ईदला सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि सगळे दर ईदला हसायचे. दुकान मोडलं तेव्हा तिथला लाकडी बाक मी लॅबमध्ये आणला. माझे पेशंट त्याच बाकावर बसत आले.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामातले अभिमानाचे प्रसंग लिहा म्हणून सांगितलं. गमतीचे भरपूर आहेत. एका गुरुजींची साखर दर वेळी उपाशीपोटी वाढलेली निघायची आणि ते माझ्या यंत्राला नावं ठेवायचे. शेवटी त्यांच्या मंडळींनी सांगितलं की उपाशीपोटी म्हणजे ते जेवत नाहीत, पेढा त्यात धरत नाहीत. एक पुढारी हिमोग्लोबिनचा आकडा थोडा वाढवून मागत होते, कारण रिपोर्ट विरोधी गटाच्या हाती लागायची भीती होती. अभिमानाचा म्हणावा असा प्रसंग मात्र एकच. त्याबद्दल सरकारी कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, पेपरात फोटो आला. त्याच प्रसंगाची मला आजही लाज वाटते. तोच लिहितो. छापायचा की नाही ते संपादकांनी ठरवावं.

आधी फॉर्मचं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला तो ठाऊक असायचं कारण नाही. देशात कुठे कसली साथ डोकं वर काढतेय, हे सरकारला वेळेत कळावं म्हणून एक व्यवस्था आहे. दवाखाने दर आठवड्याला आपल्याकडचे ताप, जुलाब, काविळी कळवतात. पण दवाखान्यात डॉक्टरचा अंदाज असतो, खात्री होते ती लॅबमध्ये. म्हणून लॅबनेही दर आठवड्याला कळवायचं की अमुक तपासण्या केल्या, त्यात साथीचे रोग इतके निघाले, आणि ज्यांचे निघाले त्यांचं नाव, वय, गाव हे. सरकारी लॅबची त्यातून सुटका नसे. आमच्यासारख्या खाजगी लॅबवाल्यांवर मात्र तेव्हा कुणाची सक्ती नव्हती. ज्याला वाटेल त्याने भरावा. याला कागदावर ‘ऐच्छिक’ म्हणत.

ऐच्छिक म्हटल्यावर कोण भरतो? साथरोग विभागात तेव्हा एक तरुण डॉक्टर आले होते. ते स्कूटरवरून शहरातल्या एकूण एक लॅबच्या पायऱ्या चढले. कुणी चहा पाजला, कुणी ‘बघू’ म्हणालं. एकाने तोंडावर सांगितलं, ‘‘साहेब, माझं गिऱ्हाईक तुमच्या कागदावर चढलं, तर उद्या ते शेजारच्या लॅबात जाईल.’’ माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी न सांगता बूट बाहेर काढले, आत येऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या माझ्या काचा उजेडात धरून बघितल्या आणि इतक्या स्वच्छ काचा या शहरात बघितल्या नाहीत म्हणाले. मी स्वच्छतेच्या बाबतीत जरा सणकी आहे. एवढ्यावर मी विरघळलो. देशसेवा वगैरे काही मनात नव्हतं.

नसीमने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिल्याच सोमवारी मला फॉर्म घेऊन बसलेलं पाहिलं आणि विचारलं, ‘‘सारे बीड में तुमकूच पडी है क्या जी?’’

‘‘डॉक्टरसाब ने बोले,’’ मी म्हणालो.

‘‘डॉक्टरसाब ने उनों का काम तुमकू दिए,’’ ती म्हणाली आणि आत गेली. तिचं चुकलं नव्हतं.

पुढे दुष्काळाचं ते वर्ष आलं. आमच्या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी पावसाळ्यातच विहिरींचे तळ दिसायला लागले. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. नळ्या धुवायला मी पाण्याचे जार विकत आणायचो आणि नसीम ते बघून कपाळावर हात मारायची. गल्लीतल्या रसवंतीला टाळं लागलं. खेड्यातली तरुण पोरं पिशव्या घेऊन स्टँडवर यायची आणि पुण्याच्या गाडीत बसायची.

मागे राहायची म्हातारी माणसं, बाया आणि जनावरं. जनावरांसाठी सरकारने चारा छावण्या काढल्या होत्या. छावणी म्हणजे एक मोठा माळ. त्यावर पाचट आणि ताडपत्रीच्या सावलीत रांगांनी जनावरं बांधायची. त्यांना ऊस आणि पेंड सरकारी खर्चाने, आणि कारभार कुठल्यातरी सहकारी संस्थेकडे. जनावर एकटं राहत नाही, त्याच्यासोबत त्याचा माणूस येतो. माणूस आला की त्याची चूल येते, चुलीपाठोपाठ घर येतं. माळावर बघता बघता शेकडो माणसं राहायला लागायची. सरकारच्या हिशेबात मात्र तिथे फक्त जनावरं असायची. माणसांसाठी एक पाण्याची टाकी असली तरी पुष्कळ झालं.

हिवाळा संपता संपता माझ्याकडे काविळीचे पेशंट येऊ लागले. आमच्याकडे कावीळ झाली की आधी गळ्यात औषधी काड्यांची माळ पडते. ती माळ वाळून लांबत जाते आणि ती लांबली की कावीळ उतरली असं समजतात. माळेने भागलं नाही की मग माझ्याकडे. मी रक्त घेतो, ते गोठलं की यंत्रात फिरवतो, वर पाणी सुटतं. निरोगी माणसाचं हे पाणी वाळल्या गवताच्या रंगाचं असतं. काविळीत ते हळद कालवल्यासारखं दिसतं. पुढची तपासणी करायची ती आकडा काढायला आणि ही कावीळ खराब पाण्यातून आलेली आहे का ते बघायला. आलेल्या बहुतेकांची पाण्यातलीच निघत होती.

मी फॉर्म इमानेइतबारे भरत होतो. कुणी लिंबागणेशकडचा, कुणी मांजरसुंब्याच्या खालचा, कुणी पार घाटाजवळचा. एका गावाचा एक, फार तर दोन. असं विखुरलेलं असलं की त्याला साथ म्हणत नाहीत. दुष्काळात पाणी सगळीकडेच खराब, तेव्हा थोडीफार कावीळ सगळीकडे असणारच, असं मीही धरून चाललो. साथरोगवाल्या डॉक्टरांनीही तसंच धरलं, कारण त्यांच्यापुढे माझाच कागद होता.

त्या दिवसांत माझी चिडचिड व्हायची ती वेगळ्याच कारणाने. संध्याकाळी झाडायला घेतलं की बाकाखाली उसाची चिपाडं निघायची. काविळीला ऊस चांगला हा समज आमच्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे ऊस खाण्याचं मला नवल नव्हतं. संताप यायचा तो चोखून तिथेच टाकण्याचा. मुंग्या लागायच्या. मी बाकाच्या वर पाटी लावली. वाचता येणारे पाटी वाचायचे आणि पाटीखाली बसून चिपाडं टाकायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सत्यभामाबाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर पदर, पायात टायरच्या चपला. सोबत सून होती, मीरा. मुलगा पुण्याकडे बांधकामावर गेलेला. मीरा पोटुशी होती, सातवा लागला होता, आणि तिचे डोळे पिवळेधमक होते. पोटुशी बाईला ही पाण्यातली कावीळ फार वाईट. दुसरा माणूस महिनाभरात उठून बसतो, ती कधीकधी उठत नाही.

‘‘गाव?’’ मी विचारलं.

‘‘लिंबागणेशच्या वर, डोंगरात वस्ती हाय,’’ सत्यभामाबाई म्हणाल्या. मी तसं लिहिलं.

रक्त घेऊन मी यंत्राकडे वळलो आणि परत बघतो तर बाई सुनेला पदराआडून उसाचं कांडं सोलून देत होत्या.

‘‘मावशी,’’ मी आवाज चढवला, ‘‘ही लॅब आहे, गुऱ्हाळ नाही.’’

‘‘चुकलं भाऊ, चुकलं. उचलते.’’ त्या खाली वाकल्या आणि आपलीच नव्हे, आधीच्या कुणाची चिपाडंही गोळा करून पदरात घेऊ लागल्या. त्यातलं एक कांडं घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं. रसवंतीच्या उसासारखं ते जाड, रसरशीत नव्हतं. बारीक, वाळकं, पाल्यासकट कोयत्याने वीतभर तोडलेलं. माणसाला खायला असा ऊस कुणी तोडत नाही.

‘‘मावशी, रसवंत्या बंद आहेत. ऊस कुठून आणला?’’

सुनेने मान खाली घातली. बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘तुमी कुनाला सांगू नका. जनावराचा हाय. आमच्या गाईच्या वाट्याचा. पोरीला कावीळ झाली, मानसं म्हनली ऊस द्या. मग काडला गाईच्या म्होरचा. छावनीत कळलं तर चाऱ्याचं कारड काडून घेत्यात. लई लाज वाटती भाऊ, मुक्या जनावराच्या तोंडचा घास काडायचा म्हंजी. पन हिचे डोळे बगवत न्हाईत.’’

‘‘छावणीत? तुम्ही गावाकडे राहत नाही?’’

‘‘दिवाळीपासनं छावनीतच हाव की.’’

‘‘मग मला गाव का सांगितलंत?’’

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. ‘‘तुमी गाव इचारलं. छावनी काय कुनाचं गाव असतंय का?’’

इतके दिवस मी ज्या चिपाडांवरून लोकांवर ओरडत होतो, ती सगळी एकाच माळावरून येत होती. त्या दुष्काळात दुसरीकडे ऊस होताच कुठे? मी गावं लिहीत बसलो होतो आणि माणसं गावात नव्हतीच.

मी स्टूल ओढून बसलो आणि त्यांना एकेक विचारत गेलो. छावणीत अजून कुणाला कावीळ आहे? ‘‘लई जनायला.’’ पाणी कुठलं? टँकरचं, ओढ्यातल्या विहिरीवर भरतो. माणसं सकाळी कुठे जातात? यावर त्यांनी पदर पुढे ओढला. ‘‘तिकडंच की, वड्याकडं. माळावर आडोसा कुठाय?’’

सगळं कळलं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘‘तुमी ह्ये वर कळिवनार का?’’

‘‘कळवावं लागेल, मावशी.’’

‘‘छावनी बंद तर न्हाई ना व्हायाची? माझी दोन बैलं हायेत आन एक गाभन गाय. घरी वैरनीची काडी न्हाई. छावनी गेली की जनावरं गेली समजा.’’

‘‘छे हो,’’ मी म्हणालो. ‘‘छावणी कशाला बंद करतील? पाणी बदलतील, टाकीत औषध टाकतील, झालं.’’ त्यांना बरं वाटावं म्हणून मी हे बोललो नाही. मला खरोखरच तसं वाटत होतं.

त्या थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि कुठल्या रांगेत कोण आजारी आहे, कुणाच्या घरी माळ बांधलीय, कोणत्या दोघी आणखी पोटुशा आहेत, हे त्यांनी मला नीट बसून सांगितलं. मीराला मी लगेच रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मग मी आधीच्या पेशंटना फोन लावत बसलो. ‘‘गाव राहू द्या, सध्या झोपता कुठं ते सांगा.’’ जो तो तीच छावणी सांगू लागला. एकाने तर विचारलं, ‘‘कावून भाई, पाव्हनं यायलाव का?’’

इतके फोन केल्यावर गोष्ट लपून कशी राहणार? दुसऱ्या दिवशी लॅबसमोर पांढरी गाडी उभी राहिली. छावणी चालवणाऱ्या दूध सहकारी संस्थेचे चेअरमन उतरले. संस्थेचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांच्या छावणीमुळे कितीतरी दावणी शाबूत होत्या, हे मी नाकारत नाही. बाकावर बसून त्यांनी रुमालाने मान पुसली.

‘‘रशीदभाई, टाकी मी धुऊन घेतो. टँकर दुसऱ्या हिरीवर लावतो. चुना मारतो. आठ दिवस द्या. तुमी फकस्त त्या कागदावर छावनी लिहू नका.’’

‘‘लिहिलं तर काय होईल? पाणी सुधारेल.’’

ते हसले. ‘‘तुमी नळीतलं रगत बगता, मी सरकार बगतो. कागुद गेला की पानी सुदरत न्हाई, छावनी उटती. तुमाला कुनी सक्ती केलीय का? न्हाई ना? मंग?’’

ते गेले. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं आणि खोटंही वाटत नव्हतं. त्यांनी टाकी धुतली असती? कदाचित धुतली असती. कदाचित एकदा धुऊन सोडून दिली असती. त्या दोन पोटुशा बाया सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या. सक्ती असती तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, कारण मग दोष सरकारवर घालता आला असता. मी फॉर्म काढला, प्रत्येक नावापुढचं गाव खोडलं, तिथे छावणी लिहिलं आणि डॉक्टरांना फोनही केला.

डॉक्टर तासाभरात छावणीवर पोहोचले. त्यांनी पाण्याचे नमुने घेतले, टाकीत औषध टाकलं, आजाऱ्यांना दवाखान्यात हलवलं, आणि टँकर बदला, संडास उभारा, माणसांना दुसरं पाणी द्या असं स्पष्ट लिहून वर पाठवलं. त्या कागदावर वर काय चर्चा झाली ते मला माहीत नाही. उद्या कुणी दगावलं तर जबाबदार कोण, असा प्रश्न निघाला म्हणतात. छावणीच नसली तर छावणीत कुणी दगावणार नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. छावणी बंद करायचा हुकूम निघाला. डॉक्टर माझ्या लॅबवर आले, बूट काढले, बाकावर बसले. ‘‘मी पाणी मागितलं होतं, रशीदभाई,’’ एवढंच म्हणाले. मी त्यांना चहा दिला, तो तसाच निवला.

छावणी उठली त्या दिवशी मी तिकडे गेलो. कशाला गेलो, सांगता येणार नाही. रस्त्याच्या कडेला जनावरांच्या व्यापाऱ्यांचे टेम्पो आधीच येऊन थांबले होते. त्यांना कुणाचाही फॉर्म लागत नाही. ताडपत्र्या सुटत होत्या, बाया भांडी बांधत होत्या, गुरं दावं सोडल्यावर कुठे जायचं ते न कळून तिथेच घुटमळत होती. सत्यभामाबाईंचे दोन्ही बैल टेम्पोत चढवताना मी पाहिले. पडेल त्या भावात गेले. धाकटा चढत नव्हता. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा चढला. मग गाईचं दावं हातात धरून त्या रस्त्याने माझ्या बाजूला यायला लागल्या. मी चटकन चहाच्या टपरीमागे झालो आणि त्या पार पुढे जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. टपरीवाला माझ्याकडे बघत होता. आयुष्यात स्वतःच्या नजरेत इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

गाय डोंगर चढताना बसली ती उठली नाही, हे मला पुढे कळलं.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर लबाडी होईल. कावीळ थांबली. नवा पेशंट आला नाही. त्या दोघी पोटुशा बाया धडधाकट सुटल्या. मीरा दवाखान्यात बरेच दिवस होती, पण वाचली आणि तिला मुलगी झाली. म्हणजे मी केलं ते बरोबर होतं, आणि आज पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. लाज याचीच जास्त वाटते. चुकलो असतो तर माफी तरी मागता आली असती.

नंतर सत्कार झाला. खाजगी लॅबने स्वतःहून माहिती दिल्यामुळे साथ आटोक्यात आली, म्हणून मला शाल, श्रीफळ. नसीम नवी ओढणी घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर चेअरमन होते, कारण दुष्काळात पशुधन वाचवल्याबद्दल त्यांचाही सत्कार होता. माझ्यासारखीच शाल, फक्त रंग वेगळा. टाळ्या चालू असताना ते माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, ‘‘बगा रशीदभाई, दोगांचंबी भागलं.’’ त्याच क्षणी फोटो निघाला. पेपरात आम्ही दोघे हसताना दिसतो.

त्यानंतर लॅबमध्ये मी गाव विचारायचं सोडलं नाही, पण पुढे आणखी विचारायला लागलो, ‘सध्या राहता कुठं, पाणी कुठलं पिता?’ पुतणीलाही तसंच शिकवलंय. लोकांना ते भोचकपणाचं वाटतं. एकाने विचारलं, ‘‘रगत तपासायलाव का सोयरीक जुळवायलाव?’’

मध्ये एकदा डोंगराकडचा एक पेशंट आला होता. मी त्याच्याकडे सत्यभामाबाईंची चौकशी केली. तो म्हणाला, ‘‘ती व्हय? छावनी मोडली ती? तिनंच जाऊन सांगितलं बीडला. समद्यांची जनावरं गेली तिच्यापायी. तिच्या दारात कुनी जात न्हाई आता.’’ मी त्याला म्हणायला हवं होतं की कळवणारा मी, फॉर्म माझा, शिव्या मला घाल. मी त्याच्या नळीवर नाव लिहीत राहिलो. तो उठून गेल्यावर मी ठरवलं की त्यांच्या वस्तीवर जाऊन चारचौघांत सांगायचं. पुष्कळदा ठरवलं. गेलो नाही.

मग एक दिवस त्याच आल्या. केस पांढरे झालेले, चपला तशाच. सोबत मीराची मुलगी, दोन वेण्यांची, शाळेच्या गणवेशात. शाळेने ओळखपत्रासाठी रक्तगट मागितला होता. पोरगी बाकावर पाय हलवत बसली. मी तिच्या बोटाला सुई टोचायला घेतली. ‘‘दुखनार न्हाई, तुजे आजोबा हायेत ते,’’ बाई नातीला म्हणाल्या.

‘‘मावशी,’’ मी म्हणालो, ‘‘छावणी बंद होणार नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं. मला खरंच तसं वाटलं होतं. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात आणि...’’

त्या हसल्या. ‘‘कोन म्हनलं इस्वास ठिवला?’’

मी हातातला कापूस खाली ठेवला.

‘‘तुमी म्हनलात तवाच मला कळलं, छावनी जानार. तुमाला कळत नव्हतं. तुमचं तोंड बगून कळलं मला, ह्या मानसाला सरकार ठावं न्हाई.’’

‘‘मग सगळं सांगितलंत का?’’

‘‘माज्या शेजारच्या रांगंत त्या दोगी पोरी होत्या की. एक तर पहिलटकरीन. रोज माज्याकडनं चुलीचा इस्तू न्यायची.’’ त्यांनी नातीची वेणी सारखी केली. ‘‘बैलं काय, पुन्ना घेता येत्यात.’’

‘‘घेतली?’’

‘‘न्हाई.’’

इतकी वर्षं मला वाटत होतं की एका भोळ्या बाईला मी फसवलं. ती भोळी नव्हती. काय जाणार आहे हे माहीत असून तिने आपण होऊन सांगितलं होतं, आणि स्वतःहून माहिती दिली म्हणून टाळ्या मी घेतल्या होत्या.

मी कपाट उघडून शाल काढली. ती तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, एकदाही उलगडलेली नव्हती. बाईंच्या पुढे ठेवली. ‘‘मावशी, ही तुमची आहे. माझ्याकडे चुकून आली.’’

त्यांनी शाल पिशवीतून काढली, दोन बोटांत धरून पोत बघितला, उजेडाकडे करून बघितली. नात हात लावायला लागली तशी तिचा हात बाजूला केला.

‘‘चांगली हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन मला नगं. म्या पांगरली तर वस्तीवर म्हनतील, छावनी मोडल्याची मिळाली बगा. तुमीच पांगरा भाऊ. तुमाला कोन काय म्हनतंय?’’

आणि होत्या त्याच घडीवर शाल घडी करून त्यांनी पिशवीत घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि नातीचा रक्तगट कोणता निघाला ते विचारलं.